अकरा फुटांच्या हॉलमध्ये मोठे स्पीकर बसतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लातूरला स्वतःचं घर, हॉल १६.५ फूट लांब, ११ फूट रुंद, १० फूट उंच. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर स्लॅब. टीव्ही लांब भिंतीवर, समोर सोफा, सोफ्याशेजारी दिवाण आणि दुपारी त्यावर आजी पडतात. एका आखूड भिंतीत मुख्य दरवाजा, दुसरीत खिडकी आणि तिच्या कोपऱ्यात देवघर. दरवाज्यातून स्वयंपाकघराकडे जायची वाट सोफ्यासमोरून. लेक बारावीला, तिची खोली टीव्हीच्या भिंतीमागे. पुण्यात वापरलेल्या टॉवर स्पीकरची एक जोडी मिळतेय: चार फूट दोन इंच उंच, दीड फूट खोल, एकेक ४८ किलोचा, प्रत्येकात १२ इंची दोन वूफर (खालचे सूर वाजवणारे पडदे), पोर्ट म्हणजे हवा जायचं भोक मागच्या बाजूला. घरातले म्हणतात हॉलचं गोदाम होईल. घ्यावेत की नाही?

ही जोडी घेऊ नका. मोठे स्पीकर मात्र जरूर घ्या. तुमच्या हॉलमध्ये ते उत्तम वाजतील आणि घरातल्यांना आवडतीलही. तसं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्यासारखाच हॉल मी संभाजीनगर, जालना, बीड, परभणी अशा गावांत गेल्या पंचवीसेक वर्षांत शेकड्यांनी पाहिला असेल.

आधी साधा हिशेब. मागे पोर्ट असलेल्या एवढ्या मोठ्या पेटीला भिंतीपासून अडीच-तीन फूट मोकळी जागा लागते, नाहीतर खालचा आवाज, म्हणजे बास, फुगतो आणि गाणं चिखलात रुतल्यासारखं होतं. तीन फूट जागा आणि दीड फूट पेटी, झाले साडेचार. सोफा तीन फूट. अकरातून उरले साडेतीन फूट आणि घरातली सगळी ये-जा त्यातूनच. हातात पाण्याचा तांब्या घेऊन कुणी स्वयंपाकघरातून आलं तर त्याला दर वेळी स्पीकरला वळसा घालावा लागेल. आजींना तर भिंतीचा आधारही मिळणार नाही. घरातले ज्याला गोदाम म्हणताहेत ते हेच. त्यांना दिसायला काही वाईट वाटत नाहीये, त्यांची वाट अडतेय.

म्हणून पहिलं काम पैसे न खर्चता करा. किराणा दुकानातून किंवा फ्रिजच्या शोरूममधून पुठ्ठ्याची खोकी आणा, हव्या त्या मापाची करून चिकटवा, आत दोन-चार विटा टाका आणि स्पीकर जिथे ठेवायचे तिथे आठ दिवस उभी करून ठेवा. दिवसा कोण कुठे अडखळतं, पाहुणे आले की खुर्च्या कुठे जातात, झाडू-पोछा करणाऱ्या बाई काय म्हणतात, हे सगळं त्या आठ दिवसांत कळतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला लावतो. निम्म्या लोकांचा स्पीकरचा आकार याच आठवड्यात ठरतो, आणि तो एकट्याने नाही, घराने मिळून ठरवलेला असतो. नंतर कुरकुर राहत नाही.

आता आवाजाकडे येऊ. परदेशी परीक्षणं वाचून आपण फसतो त्याचं एक मोठं कारण भिंती आहेत. अमेरिकेतली बहुतेक घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून बांधलेली असतात. खालचा आवाज त्या भिंतींना थोडा हलवतो आणि त्यातच त्याची बरीच ताकद जिरते. आपली भिंत विटेची, वर प्लास्टर, डोक्यावर आरसीसीचा स्लॅब, पायाखाली टाइल. काहीच हलत नाही. खालचा सूर खोलीत येरझारा घालत राहतो. जो स्पीकर तिकडे 'गोळीबंद' वाजला, तो आपल्याकडे घोंघावतो.

आपल्या जुन्या माळवदाच्या घरात हा त्रास नव्हता. छताला लाकडी तुळया, वर फळ्या आणि मातीचा थर, खाली सारवलेली जमीन, घडवंचीवर वाकळांची उतरंड. तुळयांमुळे आवाज विखुरला जायचा आणि बराचसा जिरायचाही. अशा माळवदाखाली बसून मी एकतारी भजन ऐकलंय, माईकशिवाय, आणि शब्द न् शब्द कळत होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या त्या घरांनी माणसं गिळली. त्यानंतर लातूर-धाराशिवकडे लोक स्लॅबकडे वळले ते योग्यच झालं. फक्त आवाज जिरवायचं जे काम घर करायचं ते आता आपल्याला करावं लागतं. आणि भूकंप सोसलेल्या भागात उंच, अरुंद, जड वस्तू घरात उभी करताना तिचा पाया रुंद हवा, हेही यात आलंच.

तुमच्या खोलीचे आकडे मांडतो. खोलीत २८ अंश तापमान धरलं तर आवाजाचा वेग सेकंदाला ३४८ मीटरच्या जवळपास. दोन समोरासमोरच्या भिंतींतल्या अंतराच्या दुपटीने त्याला भागा, म्हणजे त्या अंतरात घुमणारा पहिला सूर मिळतो. तुमच्या लांबीत तो ३५ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३५ कंपनांना, येतो, रुंदीत ५२ ला, उंचीत ५७ ला. लांबीतला दुसरा सूर ६९ ला. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा तानपुरा आठवा. त्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ सूर बरोबर ६९ हर्ट्झला बसतो. तानपुऱ्यात मूळ सुरापेक्षा वरचे स्वर जास्त बोलतात हे खरं, पण डग्ग्याचा घुमारा आणि पखवाजाची धूम याच पट्ट्यात फिरते. म्हणजे तुम्ही जे संगीत सर्वांत जास्त ऐकणार, त्याच्याच पायाशी तुमच्या खोलीचा स्वतःचा सूर उभा आहे. पेट्या चुकीच्या जागी ठेवल्या तर प्रत्येक समेवर खोली मधे बोलणार.

पण याच आकड्यांत तुमचं भाग्यही आहे. लांबीतला तो ६९ चा सूर भिंतीशी आणि खोलीच्या मध्यावर जोरात असतो, आणि दोन्ही आखूड भिंतींपासून पाव लांबीवर जवळजवळ शून्य. पाव लांबी म्हणजे सव्वाचार फुटांना जरा कमी, चार फूट दीड इंच. टीव्हीच्या लांब भिंतीवर दोन्ही स्पीकरचे मध्य या खुणांवर आणले तर ते त्या सुराला हात घालूच शकत नाहीत. दोघं मध्यापासून सारख्या अंतरावर असल्याने ३५ चा सूरही एकमेकांना छेद देऊन दबतो, कारण बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये खालचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच असतो. दोन स्पीकरमधलं अंतर येतं सव्वाआठ फूट. सोफा भिंतीपासून फूटभर पुढे ओढला, तर कान टीव्हीच्या भिंतीपासून नऊ फुटांवर येतील. स्पीकरचं तोंड भिंतीपासून दोन फुटांवर धरलं, तर मधे सात फूट. दोन्ही स्पीकर आणि बसणारा यांच्यात साठ अंशांच्या आसपास कोन होतो आणि स्टिरिओला तोच हवा असतो. देवघर हलवायची गरज नाही. मी ते कुणाला सांगतही नाही.

उरतात ५२ आणि ५७. हे दोघं शेजारी-शेजारी असल्याने तिथे फुगवटा येणारच, कारण पेट्याही भिंतीजवळ आणि कानही समोरच्या भिंतीजवळ. पण सोफ्यावरचे सगळे त्या भिंतीपासून सारख्याच अंतरावर बसणार, म्हणून एकाला आणि दुसऱ्याला वेगळा फुगवटा ऐकू येत नाही. असा फुगवटा ईक्यूने, म्हणजे हवा तो सूर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, खाली ओढता येतो. खोलीतला आवाज मोजणारं रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सोबत मोजणीचा यूएसबी माईक घ्यायचा. मोबाइलच्या माईकवर खालच्या सुरांसाठी विसंबू नका. एक पथ्य मात्र पाळा: ईक्यूने फुगवटे कापायचे, खड्डे भरायचे नाहीत. जिथे सूर खोलीनेच पुसलाय तिथे कितीही ताकद ओतली तरी वूफर नुसता धापा टाकतो.

मग भिंतीपासून दोन फुटांत तोंड येईल असा मोठा स्पीकर कोणता? बंद पेटीचा. १९५४ साली एडगर विल्चर यांनी आतल्या हवेचीच स्प्रिंग वापरणारी बंद पेटी बाजारात आणली आणि घरगुती स्पीकरचं माप बदलून गेलं. पोर्टवाल्या पेटीचा आवाज तिच्या खालच्या टोकापर्यंत भरभक्कम असतो आणि मग एकदम कोसळतो. बंद पेटीचा हळूहळू उतरत जातो. भिंत जवळ असली की खोली खालच्या सुरांना उचल देते, आणि ती उचल या हळुवार उताराला नेमकी जुळते. रॉय अ‍ॅलिसन यांनी १९७४ मध्ये भिंतींचा वूफरवर होणारा परिणाम मोजून प्रसिद्ध केला आणि पुढे भिंतीला लावूनच ठेवायचे स्पीकर बनवले. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये पॉल क्लिप्श यांचा प्रचंड क्लिप्शहॉर्न आला. तो थेट कोपऱ्यात ठेवायचा असतो आणि घराच्या भिंतीच त्याच्या भोंग्याचा पुढचा भाग होतात. म्हणजे मोठा स्पीकर खोलीच्या मधोमधच उभा केला पाहिजे, असा काही नियम नाही. तो कुठे उभा राहायला बनवलाय, ते विचारून घ्यायचं.

तुमच्या हॉलसाठी मी बंद पेटीचा, एक १० इंची किंवा दोन ८ इंची वूफर असलेला, फूट-सव्वा फूट खोल आणि साडेतीन फुटांच्या आतबाहेर उंच असा टॉवर पाहीन. बंद पेटी मिळाली नाही तर पोर्ट समोर असलेली, पण पोर्टात कोंबायचं फोमचं बूच सोबत देणारी. भिंतीच्या जवळिकीमुळे १४० हर्ट्झच्या आसपास थोडा खड्डा राहील. तो मला चालतो. साडेचार फूट पुढे ओढलेल्या पेटीचा हाच खड्डा ६३ च्या आसपास, डग्ग्याच्या जवळ पडला असता.

आता एकत्र घराची खरी गोष्ट. बीडमध्ये एका घरी मी मोठ्या हौसेने भली मोठी जोडी बसवली होती. घरधनी मधल्या खुर्चीत बसला की स्वर्ग. बाकी कुणी कुठेही बसलं तरी एकाच बाजूचा स्पीकर ऐकू यायचा. त्यांच्या मातोश्री कोपऱ्यातल्या दिवाणावर बसायच्या, तिथे नुसता घोंघाट जमा व्हायचा. त्यांनी तक्रार केली नाही. त्या हॉलमध्ये बसायच्याच बंद झाल्या. तीन महिन्यांनी गेलो तर स्पीकरवर चादर टाकलेली. ती चादर मी अजून विसरलो नाही. आवाज मधल्या खुर्चीवर नव्हे, दिवाणावर बसून आधी तपासायचा, हे मी त्या घरी शिकलो. त्यांचे स्पीकर आम्ही बदलले, जागा बदलली, आणि माय पुन्हा येऊन बसू लागल्या.

त्यासाठी एक युक्ती आहे. स्पीकर सरळ समोर तोंड करून न ठेवता आतल्या बाजूला एवढे वळवायचे की त्यांच्या रेषा मधल्या माणसाच्या फूट-दीड फूट पुढेच एकमेकींना छेदतील. डाव्या टोकाला बसलेल्याला डावा स्पीकर जवळ पडतो, पण त्याचं तोंड त्याच्यापासून वळलेलं असतं, म्हणून तो जरा मंद ऐकू येतो. उजवा लांब असतो, पण त्याचं तोंड थेट याच्याकडे. हिशेब बराचसा बरोबरीत सुटतो आणि गाणारा टीव्हीच्या आसपासच उभा राहतो. यासाठी बाजूने ऐकतानाही सूर बदलू न देणारा स्पीकर हवा. दुकानात ऐकायला जाल तेव्हा समोर बसून ऐकाच, पण उठून बाजूला, दिवाणाच्या जागी जाऊनही ऐका. बायकोला आणि जमलं तर लेकीला सोबत न्या.

मोठा स्पीकर म्हणजे मोठा आवाज, ही भीती घरात असते. खरं तर मोठ्या स्पीकरचं सुख हळू आवाजातच आहे. वूफरला फारसं हलावं लागत नाही, म्हणून सूर मोकळा राहतो. ९० डेसिबल संवेदनशीलतेची (एका वॉटला मीटरभरावर किती आवाज, ते माप) जोडी तुमच्या सात-आठ फुटांवर एका वॉटमध्ये ८५ च्या आसपास देते. घरात सगळे असताना आपण सत्तर-बहात्तरवर ऐकतो, म्हणजे वॉटचा छोटासा अंश. तबल्याची थाप २० डेसिबल वर उसळली तरी पाच-सहा वॉटमध्ये भागतं. दोनशे वॉटच्या मागे लागू नका. पन्नास-साठ वॉटचा, पण ४ ओहमचा भार (ओहम जितके कमी, तितका भार जड) सहज पेलणारा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. मोठे स्पीकर मधेच ३ ओहमपर्यंत उतरतात आणि स्वस्त एव्ही रिसीव्हर तिथे दमतो.

हळू ऐकताना खालचा सूर पातळ वाटतो, तो दोष कानाचा आहे. बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं: आवाज कमी झाला की खालचे सूर आपल्याला सर्वांत आधी कमी ऐकू येतात. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरवर लाउडनेसचं बटण किंवा निदान बास-ट्रेबल असावं. पहाटे आजींनी काकड्याचे अभंग लावले आणि लेक आत झोपलीय, अशा वेळी तेच उपयोगी पडतं. टोन कंट्रोल म्हणजे पाप, असं मानणाऱ्यांचं ऐकू नका.

आणखी एक अट माझी अगदी ठाम असते. टीव्ही लावला की सिस्टिम आपोआप चालू झाली पाहिजे, आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त झाला पाहिजे. एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर नेणारी जोडणी) असलेला अ‍ॅम्प्लिफायर हे करतो. आजींना मालिकेतले संवाद स्वच्छ ऐकू येऊ लागले, की ते स्पीकर घराचे होतात. तीन रिमोट आणि चार बटणं ठेवलीत तर ते कायम 'यांचे' राहतील.

आपल्या हवेचं थोडं. मे महिन्यात लातूरला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सतत गरम राहणारा क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर घरात दुसरी शेगडी ठरतो. कमी तापणारा क्लास एबी किंवा डी घ्या आणि बंद टीव्ही युनिटमध्ये कोंडू नका, वर निदान वीतभर हवा खेळू द्या. कूलरची ओली हवा थेट पेटीवर येता कामा नये. आधी उन्हाळ्याची कोरड आणि मग ती ओल, यात लाकडी व्हिनियर उकलतं. कूलरसमोर मीटर धरला तर ५५-६० डेसिबल सहज दिसतात, म्हणजे त्या दोन महिन्यांत बारीक ऐकणं रात्री उशिरा, कूलर थांबवूनच. वूफरची कड रबराची असावी. फोमची दहा-पंधरा वर्षांत भुगा होते. पोर्ट असेल तर आतून सैल जाळी लावा, पाल आणि उंदीर दोघांनाही ती जागा आवडते. पेटीखाली स्पाइक, म्हणजे टोकदार पाय, लावा आणि स्पाइकखाली पितळी चकत्या: टाइलवर ओरखडा येत नाही आणि फरशी पुसताना पाणी पेटीच्या एमडीएफला (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीला) लागत नाही. एकदा पाणी प्यालेला एमडीएफ फुगतो तो कायमचा. गावाकडून लेकरं आली की ती स्पीकरला लोंबकळणारच, तेव्हा रुंद पायाचे आधार लावून घ्याच. विजेसाठी चांगलं अर्थिंग आणि स्टॅबिलायझर, त्यापलीकडे महागड्या पॉवर केबलला पैसे नकोत.

ते पैसे खोलीत घाला. हॉलमध्ये टाळी वाजवा, 'टर्र' असा आवाज येईल. तो समोरासमोरच्या उघड्या भिंतींचा. खाली जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडकीला भरपूर चुण्यांचा जड पडदा, आणि सोफ्यामागच्या भिंतीला कापसाच्या चार इंची गादीचा तक्ता, वर छानसं हिमरूचं किंवा खणाचं कापड. पिंजाऱ्याकडून भरून घ्या, सुताराकडून चौकट. काळ्या टोकदार फोमच्या टाइल्स लावू नका. त्या फक्त वरचे सूर खातात, खालचा घोंगाट तसाच राहतो आणि हॉल रेकॉर्डिंगच्या खोलीसारखा दिसतो.

बसवून झालं की मोबाइलवरून २० ते २०० हर्ट्झचा हळू चढणारा सूर लावा आणि घरभर फिरा. शोकेसची काच, खिडकीचं ग्रिल, देवघरातली घंटा, फोटोची चौकट, जे खुळखुळेल त्याला फेल्टचा तुकडा. तेवढ्याने निम्मा 'खराब आवाज' नाहीसा होतो.

लेकीच्या खोलीचं मात्र खरं सांगतो. मधली भिंत साडेचार इंची असेल तर वरचे सूर ती अडवेल, खालचे नाही. वजनदार भिंतीलाही खालचा आवाज अडवणं जड जातं. ५२-५७ चा फुगवटा कापला की पलीकडे जाणारा दणकाही कमी होतो, हा एक फायदा. पण लातूरमध्ये बारावीचं वर्ष म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. तिचा अभ्यास संपेपर्यंत रात्री हेडफोन. पुढच्या वर्षी ती स्वतः येऊन हॉलमध्ये बसेल.

तेव्हा पुण्याच्या गृहस्थांना आज नाही कळवून टाका, बिचारे वाट पाहत असतील. खोकी उद्याच आणा आणि त्यांचे मध्य आखूड भिंतींपासून चार फूट दीड इंचावर मोजून ठेवा. दिवाणाला दरवाज्याकडचं खोकं आड येतंय का, तेवढं आजींनाच बसवून बघा. येत असेल तर दिवाण फूटभर सरकवायचा, खोकं नाही. आठ दिवसांनी दरवाजा, खिडकी, दिवाण यांची मापं आणि हॉलचे चार कोपऱ्यांतून काढलेले फोटो पाठवा. मग कोणती जोडी ऐकायला जायचं ते ठरवू.